नानांचं स्टेज टू

सकाळी नऊच्या ठोक्याला नाना आपल्या कृषी सेवा केंद्रापुढं पोचतात, पण शटर वर जातं नऊ वाजून दोन मिनिटांनी. मधली दोन मिनिटं नाना गाडीतच बसून असतात. इंजिन चालू, काचा वर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या विजेच्या खांबावर. पायरीवर युरियासाठी आलेली चार-सहा माणसं बसलेली. एखादा नवखा जाऊन काचेवर टकटक करतो. नाना आतून एक बोट वर करतात. जुनं गिऱ्हाईक नवख्याला समजावतं, "थांब बाबा. नानाचा टर्बो निवायलाय."

टर्बो म्हणजे काय हे कुरुंद्यात आता पाचवीतलं पोरगंही सांगतं. इंजिनाचा धूर नुसता वाया घालवायचा नाही, तो एका पात्यावर सोडायचा. ते पातं फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं पातं फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जादा म्हणून पेट्रोल जादा, पेट्रोल जादा म्हणून ताकद जादा. पात्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर. गाडी दामटून आणली आणि आल्या आल्या किल्ली फिरवली, तर तेल फिरायचं थांबतं आणि तापलेल्या दांड्यापाशी जळून त्याची काजळी धरते. म्हणून थोडं थांबायचं. इथपर्यंत शास्त्र बरोबर आहे. अडचण एवढीच आहे की नानांच्या घरापासून दुकान सहाशे मीटरवर आहे. वाटेत दोन स्पीडब्रेकर, एक शाळा आणि बहुतेक दिवशी एक म्हैस. दुसऱ्या गियरच्या वर जायचा प्रसंगच येत नाही. इंजिन गरम व्हायच्या आत दुकान येतं. जे तापलंच नाही ते दोन मिनिटं निववत बसायचं, असा हा रोजचा कार्यक्रम आहे.

हे मी एकदा नानांना बोलून दाखवलं. नाना म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं स्प्लेंडर आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मला कळत नाही हे खरं आहे. माझ्या स्प्लेंडरला मी बारा वर्षांत हवा, पेट्रोल आणि शिव्या सोडून काही घातलेलं नाही.

नाना हे अर्थात खरं नाव नव्हे. कुणी वसमतहून येऊन कुरुंद्याच्या स्टँडवर चौकशी करू नये. अशी माणसं तालुक्याला एकदोन असतातच. कुणी आरएक्स हंड्रेडच्या पायी जमिनीचा तुकडा विकलेला असतो, कुणाच्या गोठ्यात म्हशीऐवजी कॉन्टेसा उभी असते. नाना त्यातले वरच्या वर्गातले. त्यांच्याकडं स्पोर्ट्स कार आहे, ती सेकंडहँड आहे, ती रोज वापरायची आहे, आणि ती अजून पुरी झालेली नाही. शेवटचं महत्त्वाचं. अशा माणसाची गाडी कधीच पुरी होत नसते. विहिरीसारखं असतं ते. पाणी लागलं तरी अजून पाच फूट खाली जाऊन बघू.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. २००५ चं मॉडेल, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, पाच गियर, रंग काळा. नानांनी ती २०१९ च्या दिवाळीत पुण्याहून आणली. आधीचे मालक तीन. तिसऱ्यानं विकली त्याचं कारण उघड होतं. गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं भरत आली होती आणि पुढचे कागद करायचा त्याला कंटाळा आला होता. नानांच्या हिशेबी कारण निराळं होतं. "मराठवाड्याची लेक आहे ही. शेंद्र्याला माहेर. पुण्याला दिली होती, त्यांना नांदवता आली नाही. मी परत आणली." शेंद्रा म्हणजे संभाजीनगरजवळची एमआयडीसी. तिथल्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, तेव्हा ते शहर औरंगाबाद होतं. नाना एकदा मुद्दाम त्या फाटकापर्यंत जाऊन गाडीचा फोटो काढून आले. माहेरच्यांनी काही विचारपूस केली नाही, पण वॉचमननं गाडी पुढं घ्यायला सांगितलं.

त्याआधी नानांच्या डोक्यात दुसरीच गाडी होती, गोव्याची. सॅन स्टॉर्म म्हणून दोन माणसांची उघड्या टपाची गाडी गोव्यात १९९८ पासून बनत होती. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. कुठंतरी एक विकायला आहे असा सुगावा लागल्यावर नानांनी मोबाइलवरचा फोटो वहिनींपुढं धरला. वहिनींनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "दोघांचीच दिसायलीय. मग माय कुठं बसंल? पोरं कुठं बसतील?" नाना गप्प. वहिनींनी पुढं विचारलं, "आणि टप नाही. हळदीच्या सुगीत काय करायचं?" तिथं गोवा संपला. चार दारं, मोठी डिकी आणि तरीही स्पोर्ट्स, अशी स्थळं शोधायला नानांनी तेव्हापासून सुरुवात केली.

गाडी गावात आली तेव्हा पारावर पहिला वाद मागच्या अक्षरांवरून झाला. आर.एस. म्हणजे काय? एकाचं म्हणणं, आधीच्या मालकाचं नाव असणार, रावसाहेब शिंदे वगैरे. दुसरा म्हणाला, राज्यसभा. एखाद्या खासदाराची गाडी असंल, लिलावात निघाली. नानांनी सांगितलं, रॅली स्पोर्ट. झेकोस्लोव्हाकियात १९७४ साली स्कोडानं शर्यतीच्या गाडीला पहिल्यांदा ही अक्षरं लावली. मग खरा वाद सुरू झाला. नरहर कुरुंदकरांचं हे मूळ गाव. तर्क इथल्या पाण्यात आहे असं आम्ही म्हणतो, आणि तो कुठल्याही विषयाला लावतो. "स्पोर्ट म्हणजे खेळ. खेळाच्या गाडीला डिकी कशाला? डिकी आहे म्हणजे सामान आहे, सामान आहे म्हणजे संसार आहे. संसाराची गाडी स्पोर्ट कशी?" नानांनी उत्तर दिलं, "कबड्डी खेळणाऱ्याला संसार नसतो का?" त्या दिवशी नाना जिंकले. सभा दोन तास चालली आणि त्यात गाडी कुणी बघितलीच नाही.

एवढ्यावर थांबले असते तर नाना सुखी असते आणि मला लिहायला काही मिळालं नसतं. पण २०२० मध्ये कागद पाच वर्षांसाठी वाढवून मिळाले आणि नानांनी गाडी सुधारायला घेतली.

पहिली सुधारणा स्प्रिंगांची. कंपनीची गाडी जमिनीपासून पाच-सव्वापाच इंच वर होती. नानांनी तिला आणखी दीड इंच खाली बसवलं. खाली बसलेली गाडी वळणावर झुकत नाही, रस्त्याला धरून राहते. हेही शास्त्र बरोबर आहे. रस्ता असेल तर. स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चाक अलगद चढून अलगद उतरतं. आमच्याकडचा स्पीडब्रेकर घराचा स्लॅब पडल्यावर उरलेल्या मालातून होतो. त्याची उंची मालावर अवलंबून असते आणि रुंदी मिस्त्रीच्या मूडवर.

त्यामुळं नानांच्या गाडीतून जाणं म्हणजे घाटातल्या जुन्या एसटीतून जाण्यासारखं झालं. ब्रेकर आला की नाना म्हणणार, "उतरा." सगळ्यांनी उतरायचं, ब्रेकर पायी ओलांडायचा, पलीकडं उभं राहायचं. नाना गाडी तिरकी घालणार. शाळेपुढच्या ब्रेकरवर सातवीतलं एक पोरगं पोटावर आडवं पडून गाडीखाली बघायचं आणि हात हलवायचं. "येऊ द्या, येऊ द्या, आजून येऊ द्या... हां, थांबा! टेकायली." या कामाचा त्याला रोजचा पार्लेजीचा पुडा ठरलेला होता. पोरगं आता नांदेडला आयटीआयला आहे. मोटार मेकॅनिक ट्रेडला. नाना म्हणतात, माझ्यामुळं लागलं. ते म्हणतं, खालून बघून बघून एवढं कळलं की वरून काही विकत घ्यायचं नाही.

तरीही इंजिनाखालची तेलाची टाकी दोनदा घासली. तेव्हा नानांनी तिला चिलखत करून घेतलं. गावातल्या वेल्डरकडं हळद शिजवायच्या जुन्या टाकीचा जाड पत्रा पडला होता. त्याचा त्यानं नांगर बनवायच्या हातानं असा गार्ड केला की तो लावल्यावर गाडी वजनानं आणखी अर्धा इंच खाली बसली. आता तेलाच्या टाकीला धोका नव्हता. टेकत होतं ते चिलखत. त्याचा आवाज मात्र असा यायचा की शाळेतली पोरं सुट्टी झाली समजून दप्तरं भरायची.

दुसरी सुधारणा सीटांची. पुण्याहून दोन बकेट सीट आल्या. बादलीसारख्या खोल, बाजूंना उंच कठडे, लाल पट्टे चार-चार. श्रावणातल्या सोमवारी नानांनी मायला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायचं ठरवलं. माय ऐंशीच्या. त्यांना सीटमध्ये सोडायला दोन माणसं लागली. हौदात घागर सोडतात तशा त्या आत गेल्या. समोर डॅशबोर्ड, वर आभाळाचा तुकडा. नाना पट्टे लावायला लागले तशा माय घाबरल्या. "बाबा, मला बांधून कुठं न्यायलास?" औंढ्याला पोचल्यावर बाहेर काढायला चार माणसं लागली, त्यातले दोन अनोळखी भाविक. दर्शनाची रांग वेगळी, हे वेगळंच दर्शन. परत येताना माय गावातल्याच एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या. मोकळ्या वाऱ्यात, पाय पसरून, भजन म्हणत. नाना रिकामी गाडी घेऊन ट्रॉलीच्या मागं. पुढं घालवेनात, कारण माय ट्रॉलीतून हात करत होत्या, "हळू ये रे."

तिसरी सुधारणा इंजिनाची आणि तिनं भावकीत हाहाकार उडवला. या धंद्यात इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवतात. नुसते आकडे बदलले की स्टेज वन. सोबत धुराचा पाइप, हवेचं फिल्टर असं काही बदललं की स्टेज टू. नानांचं स्टेज वन गुपचूप झालं होतं. पुढच्या वर्षी ते ओसरीवर बसून पुण्याच्या माणसाशी मोठ्यानं बोलत होते. गल्लीतून जाणाऱ्या चुलतीनं जे ऐकलं ते असं:

"हौ, स्टेज वन मागच्या साली झालं. आता म्हणायलेत डायरेक्ट स्टेज टू. हौ ना, चढाला दम लागतो. श्वासच मोकळा होत नाही. पाइप टाकावा लागंल म्हणतेत. खर्चाचं बघू नका हो, लागंल तेवढा लावू, पण फरक पडंल ना?"

चुलती तशीच घरी गेली. संध्याकाळपर्यंत बातमी जिंतूरला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नानांची बहीण आली. हातात अर्धापुरी केळ्यांची फणी आणि डोळ्याला पदर. मी तिथंच होतो, म्हणून पुढचं संभाषण मला शब्दशः माहीत आहे.

"दादा, आमच्यापासून लपवलंस?"

नाना दचकले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुला कुणी सांगितलं? हिला बोलू नको. हिला फक्त वनचं माहीत आहे."

"किती खर्च सांगितला?"

"सत्तर हजार."

"आणि गुण?"

"वनचा गुण लगेच आला. टोकाईच्या गडाचा चढ तिसऱ्यात जायलो."

"तिसऱ्यात?" असं म्हणून बहिणीनं जो टाहो फोडला, त्यानं वहिनी चहाचं आधण टाकून बाहेर आल्या. तोवर अंगणात भावकीतली आणखी सात माणसं नारळ, बिस्किटं आणि एक अंगारा घेऊन जमली होती. गैरसमज फिटायला अर्धा तास लागला. फिटल्यावर रडं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं, कारण सत्तर हजारांचा आकडा वहिनींनी ऐकला होता. त्या दिवसापासून हळदीच्या हिशेबाच्या वहीत वहिनी गाडीचा खर्च "औषधपाणी" या सदरात मांडतात. केळी मात्र चांगली निघाली.

स्टेज टूबरोबर उघडं फिल्टर आलं. कंपनीची डबी काढून तिथं शंकूच्या आकाराची जाळी. इंजिनानं मोकळा श्वास घ्यावा म्हणून. आता आमच्या भागात उन्हाळ्यात मोकळा श्वास माणसानंही घेऊ नये. हळद शिजते, वाळते, मग ड्रममध्ये घालून पॉलिश होते आणि तिची धूळ अख्ख्या शिवारावर बसते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते गुणांमुळं, पण ती किती दूरवर पसरते हे नानांच्या फिल्टरवर बघावं. मिस्त्रीनं एका मेमध्ये जाळी काढून झटकली तर चहाच्या बशीत मावेल एवढी हळद निघाली. तो म्हणाला, "नाना, इंजिनाला सर्दी कधी व्हायची नाही."

याच सुमारास पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. नानांच्या शेतात ऊसही आहे. त्यामुळं पंपावर नाना दर वेळी एकच वाक्य बोलतात, "ऊस माझा, पैसे माझे, आणि परत भरायलोही मीच." जुन्या रबरी नळ्या त्यांनी एकेक करून बदलून घेतल्या. ही एक सुधारणा अशी होती की तिचा आवाज नव्हता, दिसत नव्हती आणि तिच्याबद्दल नाना कधी बोललेही नाहीत. म्हणून ती टिकली.

मधल्या काळात २०२२ चा जुलै येऊन गेला. नदीचं पाणी गावात शिरलं, घराघरांतून धान्य, भांडी, अंथरुणं वाहिली. त्या पहाटे नानांनी आधी मायला पाठीवर घेऊन वरच्या आळीला नेलं, मग जनावरं सोडली, मग वहिनींबरोबर हळदीची पोती माळवदावर चढवली. हे सगळं झाल्यावर त्यांना गाडी आठवली, आणि मी ती त्यांच्या बाजूनं मोठी नोंद समजतो. दोन फळ्या टाकून, आठ जणांनी रेटून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी चढवली. सकाळी पाणी ओसरायला लागलं तेव्हा गावाच्या उंचवट्यावर ट्रॉलीत ती काळी गाडी उभी होती. एवढी उंच ती आयुष्यात पहिल्यांदाच होती. आदल्या रात्रीपासून कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. म्हातारं कुणीतरी म्हणालं, "नाना, आता जायचा स्पीडब्रेकरवरून." तेव्हा लोक हसले. नानाही.

मग सायलेन्सर. ही चौथी सुधारणा आणि सगळ्यात मोठ्यानं झालेली. मूळचा सायलेन्सर काढून जाड तोंडाचा बसवला. सकाळी नऊला गाडी सुरू झाली की गल्लीतली कावळ्यांची सभा उठायची. आता आमच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत काही वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं आहे. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला जमीन हादरली. ४.५ रिश्टर, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. भांडी वाजली, माणसं बाहेर पळाली. आमच्या शेजारची काकू मात्र जागची हलली नाही. चुलीपुढूनच ओरडली, "ए नाना, बंद कर रे ती गाडी, दूध उतू जायलंय!" नाना त्या वेळी हातात तांब्या घेऊन अंगणात उभे होते, गाडी बंद होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भूकंपाची भीती होती का कौतुक झाल्याचा आनंद, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

एकदा नाना मला समृद्धी महामार्गावर घेऊन गेले. गाडीचा गळा मोकळा करायला, असं त्यांचं म्हणणं. लांबचा पल्ला मारून आम्ही वर चढलो. समोर सरळ काळा रस्ता, ब्रेकर नाही, म्हैस नाही. नानांनी शर्टाची वरची गुंडी लावली. काटा शंभरावर गेला, मग एकशेवीस. तिथं वेगाची मर्यादा एकशेवीस आहे. नाना एकशेवीसवर थांबले ते थांबले. वर कॅमेरे, मी शेजारी, आणि नाना मुळात कायदा पाळणारे. शेजारून एक साधी सात सीटांची गाडी, टपावर सामान, मागं खिडकीतून बाहेर आलेलं पोराचं तोंड, अशी झपकन पुढं गेली. पोरानं आम्हाला टाटा केला. नाना म्हणाले, "त्याला पावती येणार." नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. टोलनाक्यावर थांबलो तेव्हा सवयीनं दोन मिनिटं टर्बो निववायला लागले. मागच्या ट्रकवाल्यानं जे सांगितलं ते इथं छापता येणार नाही.

शेवटी २०२५ आलं. पाच वर्षांपूर्वी वाढवलेले कागद संपले. गाडीला वीस वर्षं भरली होती, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी फी याच वर्षी दहा हजार झाली होती, हरित कर वेगळा. पैशाचं नानांना काही वाटलं नाही, पण तपासणीला गाडी हिंगोलीला दाखवायची होती. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्येच सांगून ठेवलं आहे की गाडीत कंपनीनं दिलेल्या मूळ वर्णनाच्या पलीकडं बदल करता येणार नाही. नानांनी तो निकाल माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा. मग विचारलं, "यात बकेट सीट म्हणलेलं आहे का?" नव्हतं म्हणलेलं. "पण भाव तोच आहे ना?" मी म्हणालो, भाव तोच आहे.

मग जे काही घातलं होतं ते काढायला सुरुवात झाली. मूळ सामान शोधणं हा वेगळाच अध्याय. कंपनीच्या सीटा कोठ्यात होत्या, त्यावर मांजर व्यायलेली. फिल्टरची डबी पोरांनी बी-बियाणं ठेवायला घेतली होती. स्प्रिंगा नांदेडच्या जुन्या बाजारात तीन चकरा मारून मिळाल्या. आणि मूळ सायलेन्सर? तो नानांनीच शेतातल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला वेल्ड करून लावला होता. त्या इंजिनाएवढं सभ्य आवाजाचं इंजिन पंचक्रोशीत नव्हतं. आता तो कापून परत गाडीला आला, आणि इंजिनाला काहीतरी लावायलाच हवं म्हणून गाडीचा जाड तोंडाचा सायलेन्सर तिकडं गेला. पहिल्या रात्री पाणी द्यायला इंजिन सुरू केलं आणि भुईमुगातली रानडुकरं जी पळाली ती अजून फिरकलेली नाहीत. शेजारचे तिघे शेतकरी विचारत आले, हा कुठं मिळतो? इतक्या वर्षांत नानांच्या सुधारणेची कुणी आपण होऊन चौकशी केली, ती ही पहिली.

बकेट सीट दुकानात आल्या. खताच्या पोत्यांपुढं त्या मांडल्यात. गिऱ्हाईक एकदा आत बसलं की लवकर उठता येत नाही, त्यामुळं उधारीची बोलणी नाना आता तिथंच करतात. वसुली सुधारली आहे, हे मी वहिनींच्या तोंडून ऐकलंय. वेल्डरनं केलेलं चिलखत घरापुढच्या नालीवर झाकण म्हणून बसवलं. त्यावरून भरलेला ट्रॅक्टर जातो, हूं का चूं नाही. स्टेज टूचे आकडे पुसून कंपनीचे आकडे परत घातले. पुण्याच्या माणसानं त्याचेही पैसे घेतले.

तपासणी झाली, कागद मिळाले. संध्याकाळी नाना गाडी घेऊन माझ्या दारात आले. शाळेपुढचा ब्रेकर त्यांनी सरळ ओलांडला होता, कुणालाही न उतरवता. माय शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, स्वतःच्या स्वतः चढून. नाना खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "मास्तर, पाच वर्षं लागली, पण आता कुठं गाडी मनासारखी झाली बघा."

ती २००५ मध्ये शेंद्र्याहून निघाली होती तशीच झाली होती. वहिनींच्या वहीत "औषधपाणी" या सदराची बेरीज चार लाख बारा हजार आहे. गाडी घेतली होती दोन लाख पासष्ट हजाराला.

आता एकच वस्तू बिनकामाची राहिलीय. दीड इंच खाली बसवणाऱ्या त्या चार स्प्रिंगा. रंग लाल, वापर कमी, कोठ्यात हळदीच्या पोत्यांमागं ठेवल्यात. वहिनींना त्या पाडव्याच्या आत घराबाहेर पाहिजेत. कुणाला लागत असतील तर कुरुंद्याला येऊन घेऊन जाव्यात. किमतीचं बसून ठरवता येईल, फक्त तुमच्या गावात एकही स्पीडब्रेकर नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत आणावा. आणि नऊला येऊ नका, नऊ वाजून दोन मिनिटांनी या.